साहसाच्या पोटातला विचार : विज्ञान आणि तत्त्वज्ञान सांगणाऱ्या मराठी कादंबरीचा नागपुरातून आढावा

मार्च २०२१ मध्ये साहित्य अकादमीने २०२० चे पुरस्कार जाहीर केले. मराठीसाठी नागपूरच्या नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीची निवड झाली होती. खरे यांनी तो पुरस्कार नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला भरपूर दिले आहे आणि काही वर्षांपूर्वीच आपण पुरस्कार घेणे थांबवले आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढे बरेच दिवस चर्चा झाली ती या नकाराची. कादंबरी काय सांगते, ती कोणत्या परंपरेत बसते आणि असे पुस्तक नागपुरातच का घडले असावे, हे प्रश्न मागे राहिले. जुलै २०२२ मध्ये खरे गेले. आता पुरस्काराचा गलबला शमला आहे. अशा वेळी एका मोठ्या प्रश्नाकडे सलगपणे पाहायला हवे. साहस, विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांना एका दावणीला बांधणारी कादंबरी मराठीत कशी आली, कुठवर पोहोचली आणि कुठे अडली?

या प्रकारच्या पुस्तकांबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे ही मुलांची पुस्तके आहेत. मोठेपणी माणसाने ‘गंभीर’ साहित्याकडे वळावे. दुसऱ्या मताप्रमाणे ही पुस्तके म्हणजे विज्ञानप्रसाराचे साधन आहे. वाचकाला गोष्टीच्या साखरेत गुंडाळून माहिती द्यावी. दोन्ही मतांत कादंबरीवर अन्याय होतो. पहिल्यात तिच्यातला विचार दिसत नाही आणि दुसऱ्यात तिच्यातली गोष्ट दिसत नाही. मला एक साधी कसोटी उपयोगी वाटते. पुस्तकातला विचार बाजूला काढून ठेवला, तर गोष्ट उभी राहते का? राहत असेल, तर तो विचार वरून चिकटवलेला आहे. आणि गोष्ट कोसळत असेल, नायकावरचे संकटच त्या विचारातून उगवलेले असेल, तर तिन्ही धागे खरोखर विणले गेले आहेत.

जुनी मुळे

या कसोटीला सर्वांत आधी उतरते ते बाराव्या शतकातले एक अरबी पुस्तक. अंदलुसियातला वैद्य आणि तत्त्वचिंतक इब्न तुफैल याने ‘हय्य इब्न यक्झान’ लिहिले. निर्जन बेटावर एका मुलाला हरिणी वाढवते. ती मरते तेव्हा तो मुलगा तिचे शरीर उघडून पाहतो. तिच्यातून नेमके काय निघून गेले हे त्याला शोधायचे असते. तिथून निरीक्षण आणि तर्क यांच्या बळावर तो थेट ईश्वराच्या प्रश्नापर्यंत जातो. जगण्याची धडपड, शरीरशास्त्र आणि आत्म्याचा शोध एकाच कृतीत आले आहेत. त्यातले काहीही वेगळे काढता येत नाही.

युरोपात केप्लरचे ‘सोम्नियम’ त्याच्या मृत्यूनंतर १६३४ मध्ये छापले गेले. चंद्रावर गेलेल्या माणसाला पृथ्वी फिरताना दिसते, ही त्यातली मुख्य कल्पना. आपण स्थिर आहोत हा समज उभे राहण्याची जागा बदलताच ढळतो, हे त्याला दाखवायचे होते. व्होल्तेरच्या ‘मायक्रोमेगास’मध्ये, १७५२ मध्ये, प्रवासाची दिशा उलटी झाली. व्याध ताऱ्याकडून आलेला महाकाय प्रवासी पृथ्वीवरच्या चिमुकल्या तत्त्वज्ञांशी बोलतो आणि त्यांच्या अहंकाराचे माप काढतो. आपल्या देशात रुकय्या सखावत हुसेन यांनी १९०५ च्या ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये सौरऊर्जेवर चालणारे आणि स्त्रियांनी चालवलेले राज्य कल्पिले. प्रत्येक ठिकाणी प्रवास हा प्रश्न विचारण्याचा मार्ग आहे.

व्हर्नचा मराठी वारसा

मराठी वाचकाला या मार्गावर आणले ते मुख्यतः ज्यूल व्हर्नने, आणि व्हर्नला घराघरांत नेले भा. रा. भागवतांनी. ‘फास्टर फेणे’चे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ‘चंद्रावर स्वारी’, ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’, ‘समुद्र सैतान’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांची रूपांतरे म्हणजे कित्येक पिढ्यांची विज्ञानाशी पहिली ओळख होती. भागवतांची मराठी घरगुती, चपळ आणि बोलकी. पाणबुडीचे यंत्र समजावताना तिचा वेग कमी होत नाही.

व्हर्नला आपण यंत्रांचा लेखक समजतो, ते अर्धेच खरे आहे. ‘पाताळलोक’ची मूळ कादंबरी १८६४ ची. प्राध्यापक लिडनब्रॉक आणि त्याचा पुतण्या अ‍ॅक्सेल यांच्यात सुरुवातीपासून वाद आहे. पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णता आहे, असे पुतण्या मानतो. काका मानत नाही. म्हणजे खाली उतरणे हा एका सिद्धान्ताचा प्रयोग आहे आणि प्रयोगाची किंमत स्वतःचा जीव आहे. इथे साहस आणि विज्ञान एकजीव झाले आहे. पुढे भूगर्भशास्त्राने पुतण्याची बाजू खरी ठरवली, तरी कादंबरीचे काही बिघडले नाही. तिचे मोल उत्तरात कधी नव्हतेच.

भारतीय वाचकासाठी व्हर्नमध्ये आणखी एक धागा आहे. ‘समुद्र सैतान’चा कॅप्टन निमो कोण, याचा उलगडा पुढच्या ‘मिस्टिरियस आयलंड’मध्ये होतो. तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार आहे. १८५७ च्या उठावात सर्वस्व गमावल्यानंतर तो समुद्रात गेला. १८८० च्या ‘स्टीम हाउस’मध्ये तर वाफेवर चालणारा यांत्रिक हत्ती उत्तर भारतातून फिरतो आणि कथेत नानासाहेब पेशवे प्रत्यक्ष येतात. निमोकडे जगातले सर्वांत प्रगत यंत्र आहे, तरी ते त्याला न्याय मिळवून देऊ शकत नाही. सूड तेवढा देते. ज्ञान हातात आले की माणूस शहाणा होतो का, हा प्रश्न व्हर्नने एका पराभूत भारतीयाच्या तोंडून विचारला. आपल्याकडच्या बालरूपांतरांत या प्रश्नाला फारशी जागा मिळत नाही. म्हणून लहानपणी वाचलेला व्हर्न मोठेपणी संपूर्ण स्वरूपात पुन्हा वाचावा.

नारळीकर : प्रयोगशाळेतून निघालेली गोष्ट

स्वतंत्र मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली ती जयंत नारळीकरांमुळे. मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर परिणाम होऊ नये, हा हेतू. कथेला पहिले बक्षीस मिळाले. पुढे ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. ‘प्रेषित’, ‘व्हायरस’, ‘वामन परत न आला’ अशा कादंबऱ्या आल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, अरुण मांडे यांनी ही वाट रुंद केली.

माझ्या कसोटीवर नारळीकरांची सर्वांत भक्कम कादंबरी ‘वामन परत न आला’ ही आहे. जमिनीखाली खोल प्रयोगशाळा खणताना एका लुप्त संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या सूचनांवरून एक बुद्धिमान यंत्रमानव घडवला जातो आणि त्याला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव निर्माण करायचे असतात. ती जुनी संस्कृती का नष्ट झाली, याचे उत्तर तिने ठेवलेल्या देणगीतच दडलेले असते. जे ज्ञान मिळाले ते वापरायचेच का, हा नीतिशास्त्राचा प्रश्न. कादंबरीत मात्र तो कुणाच्या भाषणातून येत नाही. पळापळ, चोरी, पाठलाग या सगळ्यामागे तोच उभा असतो. यंत्रबुद्धीबद्दल आज रोज वाद घालणाऱ्या वाचकाने ही १९८० च्या दशकातली कादंबरी उघडून पाहावी. ती जुनी झालेली नाही.

‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा कादंबरी नव्हे, पण या आढाव्यात तिला वगळता येत नाही. पानिपतच्या निकालावर विचार करत चाललेले इतिहासकार गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे १४ जानेवारी १७६१ च्या युद्धात विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे जिंकले. तिथल्या ग्रंथालयात वाचलेल्या बखरीचे एक पान त्यांच्या खिशात परत येते. ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या इंग्रजी रूपात ही कथा देशभरातल्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात पोहोचली. एका क्षणाने इतिहासाला फाटा फुटतो, ही कल्पना नारळीकरांनी पुंजभौतिकीच्या अनिश्चिततेशी जोडली.

याच कथेत नारळीकरांची मर्यादाही स्पष्ट होते. साहस संपते, पंत घरी परततात आणि मग त्यांचा वैज्ञानिक मित्र सगळे समजावून सांगतो. विचार गोष्टीच्या शेवटी वेगळा येतो. त्यांच्या अनेक समकालीनांतही हीच मांडणी दिसते. याचे कारण मला या लेखनाच्या जन्मस्थानात दिसते. मराठी विज्ञानकथा वाढली ती स्पर्धा, मासिके आणि दिवाळी अंक यांच्यात. मोजक्या पानांत कल्पना मांडायची, वाचकाला चकित करायचे आणि शेवटी खुलासा द्यायचा, अशी शिस्त तिथे लागली. कथेला ती मानवते. कादंबरीला मात्र विचार पात्राच्या हाडीमांसी मुरायला अवकाश लागतो, आणि तो देणारे लेखक थोडे झाले. दुसऱ्या टोकाला श्याम मनोहर आहेत. ‘उत्सुकतेने मी झोपलो’ला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्ञानाची भूक हाच त्यांच्या लेखनाचा विषय. तिथे साहस जवळजवळ पूर्णपणे डोक्यात घडते. जंगल, समुद्र, पाठलाग यांची तहान त्याने भागत नाही.

नागपूरचे योगदान

या दोन टोकांच्या मधली जागा नंदा खरे यांनी भरली. ते स्थापत्य अभियंते. मुंबईच्या आयआयटीत शिकून त्यांनी अनेक वर्षे बांधकाम व्यवसायात काढली. त्यांच्याभोवतीचे वैचारिक वातावरण नागपूरचे होते, आणि त्याच्या केंद्राशी ‘आजचा सुधारक’ हे मासिक होते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये ते सुरू केले. आगरकरांनी १८८८ मध्ये काढलेल्या ‘सुधारक’चा विवेकवादी वारसा पुढे न्यावा, हा त्यामागचा उद्देश. विश्वास आणि ज्ञान यांत फरक काय, नीतीला धर्माचा आधार लागतो का, शेती आणि आरक्षण यांकडे तर्काने कसे पाहावे, अशा विषयांवर तिथे वर्षानुवर्षे वाद झडले. जाहिरातींच्या झगमगाटाशिवाय चाललेल्या या मासिकाच्या संपादनात खरे यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या कादंबऱ्यांतला तत्त्वविचार पुस्तकी वाटत नाही, याचे श्रेय वादाच्या या सवयीला आहे. तिथे मत मांडले की दुसऱ्या महिन्यात कुणीतरी पुरावा मागत असे.

‘अंताजीची बखर’ वरवर पाहता ऐतिहासिक कादंबरी. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दशकभर बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने भोसल्यांचा सेनानी भास्करराम याला भेटीला बोलावून मारले; १७५१ च्या तहात ओडिशा भोसल्यांकडे आला. या धामधुमीत वावरणारा अंताजी शूर सरदार नाही. तो बातम्या काढतो, जीव वाचवतो, पोट भरतो आणि पाहिलेले लिहून ठेवतो. त्याच्या डोळ्यांनी प्लासीपर्यंतचा काळ वाचताना राजाज्ञेवरून लिहिलेल्या बखरींचा डौल गळून पडतो. पुढचा भाग ‘बखर अंतकाळाची’ मराठी सत्तेच्या शेवटाकडे जातो.

यात विज्ञान कुठे आहे? ते पुराव्याकडे पाहण्याच्या पद्धतीत आहे. कोण सांगतो, त्याला ते कसे कळले, खोटे सांगण्यात त्याचा लाभ काय, हे प्रश्न अंताजी जगण्यासाठी विचारतो, कारण हेराला चुकीची बातमी परवडत नाही. ज्ञानमीमांसेचा अख्खा विषय त्याच्या गळ्याशी आलेल्या सुरीवर तोललेला आहे. नारळीकरांच्या गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचे पान येते आणि ते विश्वसनीय पुरावा ठरते. खरे यांच्या लेखनात ते पान लिहिणाराच उलटतपासणीला उभा राहतो. या दोन मराठी बखरी शेजारी ठेवून वाचल्या, तर इतिहास असा का घडला आणि तो तसाच घडला हे आपल्याला कसे कळते, हे दोन्ही प्रश्न एका बैठकीत समोर येतात. मराठी वाचकाला हा आनंद दुसऱ्या कुठल्याच भाषेत मिळणार नाही.

‘उद्या’त खरे भविष्याकडे वळले, पण ते भविष्य हाताच्या अंतरावरचे. सतत पाळत ठेवणारी व्यवस्था, सरकारहून प्रबळ झालेल्या कंपन्या, मुलींची घटलेली संख्या, जंगलातून हटवले जाणारे आदिवासी आणि शेतकऱ्याची कोंडी यांतून त्या कादंबरीचे जग उभे राहते. तिथे परग्रहवासी नाहीत, चमत्कारिक यंत्र नाही. आज चालू असलेल्या गोष्टी तशाच चालू राहिल्या तर काय होईल, एवढेच गणित लेखकाने मांडले आहे. तिथे साधे खासगी आयुष्य टिकवणे हेच साहस ठरते. अधूनमधून माहितीचा भार जाणवतो आणि काही पात्रे मतांचे वाहक होतात. हा दोष मान्य करायला हवा. पण विचार काढला तर हे जग कोसळते, आणि म्हणून कसोटीला ती उतरते.

खरे यांची रूपांतरे आणि अनुवादही याच नकाशात बसतात. मुंग्यांचे शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांच्या ‘अँटहिल’वर आधारलेले ‘वारूळपुराण’ मुंग्यांच्या वसाहतींच्या उत्थान-पतनातून माणसाच्या समाजाकडे पाहायला लावते. नेव्हिल शूटच्या १९५७ च्या कादंबरीचा ‘ऑन द बीच’ हा अनुवाद अणुयुद्धानंतर ऑस्ट्रेलियात उरलेल्या माणसांची गोष्ट सांगतो. सुटकेची वाटच नसताना माणसाने सभ्यपणे का वागावे, हा तिचा प्रश्न. सुटका हे साहसकथेचे गृहीतक असते. ते काढून घेतल्यावर उरते ते निखळ नीतिशास्त्र.

अजून न लिहिलेली कादंबरी

नागपूरची भूमी या साहित्यप्रकाराला किती अनुकूल आहे, हे कळायला एक आयुष्य पुरे आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आला. धर्मप्रसार आणि शाळा हे त्याचे काम. त्याच्याच नावाचे कॉलेज आज शहरात आहे. पण तो भूगर्भशास्त्रज्ञही होता. सहकारी रॉबर्ट हंटरसह त्याने टाकळीच्या परिसरात लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेले गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म शोधले. म्हणजे एक लाव्हा थंड झाल्यावर तिथे तळी झाली, जीव नांदले आणि मग दुसरा लाव्हा आला. हा काळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हे आज आपल्याला माहीत आहे. हिस्लॉपने गोंडांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाथाही लिहून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने ते कागद प्रसिद्ध केले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाला. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये व्हर्नचा भूगर्भशास्त्रज्ञ पृथ्वीच्या पोटात उतरला.

बायबल शिकवणारा माणूस, खडकांत सापडलेला अफाट काळ, गोंडांची सृष्टिकथा आणि पूर आलेले पाणी, हे सगळे एका माणसाच्या आयुष्यात आहे. त्या गाथेला गायकाच्या बाजूने आवाज देणारा गोंड नायकही अशा कादंबरीत हवा. हे लिहायला कुणा मराठी लेखकाने परग्रहावर जायचे कारण नाही. अजब बंगल्यातली, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातली दालने, शहराभोवतीची शिळावर्तुळे आणि १९९२ पासून गांधीसागराजवळ उभे असलेले रमण विज्ञान केंद्र एवढी सामग्री हाताशी आहे. त्या केंद्राला ज्यांचे नाव आहे, ते सी. व्ही. रमण सरकारी हिशेबखात्यात नोकरीला असताना काही काळ या शहरात होते.

निष्कर्ष

आढाव्यातून काय दिसते? मराठीत या प्रकारची चांगली पुस्तके आहेत, पण ती विखुरलेली आहेत. भागवत बालसाहित्याच्या कपाटात, नारळीकर विज्ञानाच्या, खरे कधी इतिहासाच्या तर कधी ‘वैचारिक’च्या. परंपरा म्हणून त्यांना कुणी एकत्र वाचत नाही, त्यामुळे नव्या लेखकाला कुणाच्या खांद्यावर उभे राहायचे हे कळत नाही. दुसरी उणीव नायकांची. आपल्या बहुतेक विज्ञानकादंबऱ्यांत साहस करणारा हा शास्त्रज्ञ, पुरुष आणि शहरी असतो. खाणीतला कामगार, वनरक्षक, कापूस पिकवणारी बाई यांच्यापर्यंत ती पोहोचलेली नाही. विदर्भात तर या तिघांच्याही आयुष्यात विज्ञानाचे आणि नीतीचे प्रश्न रोज उभे असतात.

वाचकाने सुरुवात कुठून करावी? दहा-बारा वर्षांच्या मुलाला ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ द्यावी. दहावी-अकरावीत ‘वामन परत न आला’ आणि गंगाधरपंत. महाविद्यालयात ‘अंताजीची बखर’ आणि त्यानंतर ‘उद्या’. प्रत्येक पुस्तक पहिल्यांदा निव्वळ गोष्टीसाठी वाचावे. विज्ञानाचा तपशील अडला तरी थांबू नये. दुसऱ्या वाचनात एकच प्रश्न सोबत ठेवावा: या माणसावर हे संकट कोणत्या विचारामुळे आले?

ग्रंथालयांना आणि शिक्षकांना विनंती आहे की, ही पुस्तके वेगवेगळ्या कपाटांतून काढून एका फळीवर आणावीत. आणि विदर्भातल्या तरुण लेखकांना सांगणे आहे की, दिवाळी अंकाच्या पानांत मावणारी कथा झाली असेल, तर आता कादंबरी लिहायला घ्या. विज्ञान आणि तत्त्वज्ञान पेलणारी साहसकथा मराठीला झेपते, हे नागपूरच्या एका अभियंत्याने सिद्ध केले आहे.